दोन दिवसांच्या कॉमिक कॉनवर एथ्नोग्राफी लिहिता येते का?

खानापूरची_विद्यार्थिनी यांचा प्रश्न

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील असून बेळगावात समाजशास्त्राच्या एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. लघुप्रबंधासाठी मी बेंगळुरूच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्स-ॲनिमेच्या चाहत्यांच्या मेळाव्याला, येणारे चाहते, त्यातही कॉस्प्ले करणारे तरुण, हा विषय निवडला आहे. ज्यांना हा प्रकार परिचयाचा नसेल त्यांच्यासाठी सांगते, की कॉमिक्स, ॲनिमे (जपानी ॲनिमेशन), व्हिडिओ गेम किंवा चित्रपट यांतील एखाद्या पात्राचा पोशाख, केस आणि हत्यारे जमवून किंवा स्वतः बनवून, काही तास ते पात्र म्हणून वावरणे याला कॉस्प्ले म्हणतात. भारतात कॉमिक कॉन २०११ मध्ये दिल्लीत सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते बेंगळुरूलाही आले. अलीकडे ते व्हाइटफील्डच्या प्रदर्शन केंद्रात शनिवार-रविवारी भरते.

मला यावर एथ्नोग्राफी, म्हणजे लोकांबरोबर राहून केलेल्या निरीक्षणांवर आधारलेला अभ्यास, लिहायची आहे. अडचण अशी आहे, की माझ्या मार्गदर्शकांना हा विषयच क्षेत्रकार्याचा वाटत नाही. ‘दोन दिवसांत एखादे लग्नसुद्धा धड कळत नाही, संस्कृती कुठून कळणार?’ असे त्यांनी विचारले आणि त्यावर मला पटकन उत्तर सुचले नाही. त्यांचे म्हणणे असे, की मी खानापूर परिसरातील एखाद्या वाडीवर महिनाभर राहावे किंवा मग शंभर जणांकडून प्रश्नावली भरून घ्यावी.

दुसरी अडचण माझीच आहे. मी आठवीपासून ॲनिमे पाहते. माझा मावसभाऊ आणि त्याचे तीन मित्र यंदा बेळगावहून पोशाख करून जाणार आहेत आणि मीही त्यांच्याबरोबर रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसने जाणार आहे. म्हणजे मी निरीक्षक राहणार, की त्यांच्यातलीच एक होणार? जे मला आवडते त्याविषयी मला तटस्थपणे लिहिता येईल का? शिवाय इतक्या गर्दीत संमती कशी घ्यायची, मुलाखती कोणत्या भाषेत घ्यायच्या आणि मुखवटा घातलेल्या माणसाची टिपणवहीत नोंद कोणत्या नावाने करायची, हेही मला कळत नाही. ज्यांनी असे काम केले आहे किंवा अशा ठिकाणी वावरले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुनी_टिपणवही यांचे उत्तर

मी निपाणीचा, समाजशास्त्र शिकवून निवृत्त झालो. तुमच्या मार्गदर्शकांचा आक्षेप बरोबर आहे, त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. दोन दिवसांत संस्कृती कळत नाही हे खरे. पण चाहत्यांची संस्कृती त्या दोन दिवसांपुरतीच असते, असे तुम्हाला कोणी सांगितले? लग्नाचेच उदाहरण घ्यायचे तर मांडवात जे दिसते ते फार थोडे असते. याद्या, बस्ता, रुसवेफुगवे, उसनवारी हे सगळे आधीच होऊन गेलेले असते आणि अभ्यासकाने खरे तर तेव्हा घरात असायला हवे. तुमचा मावसभाऊ आणि त्याचे मित्र आजच काहीतरी कापत, चिकटवत आणि त्यावरून भांडत असतील. तुमचे क्षेत्र आजपासून सुरू झाले आहे आणि ते बेळगावात आहे, तेव्हा व्हाइटफील्डची वाट पाहत बसू नका. ही चार मुले पोशाख ठरवतात तिथपासून तो पोशाख परत पेटीत जाऊन पडतो तिथपर्यंत त्यांच्याबरोबर राहा. तसे केलेत तर तुमचे क्षेत्रकार्य तीन महिन्यांचे होईल आणि कॉमिक कॉन हा त्यातला एक प्रसंग ठरेल.

फिरत्या किंवा अल्पकाळ जमणाऱ्या समूहाचा अभ्यास आपल्याकडे नवा नाही. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे पंढरीच्या वारीत दिंडीबरोबर स्वतः चालल्या आणि त्यावर त्यांनी लिहिले. एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे तेच अभंग एकत्र म्हणत, पण जेवायला मात्र वेगवेगळे बसत, हे त्यांनी पाहिले आणि ते त्यांना बोचले. प्रश्नावली वाटली असती तर ‘वारीत सगळे सारखे’ हेच उत्तर प्रत्येकाने दिले असते. बरोबर चालल्यामुळे आणि जेवणाच्या वेळी तिथे असल्यामुळे त्यांना दुसरी गोष्ट दिसली. तुम्हीसुद्धा मंचावरच्या स्पर्धेपेक्षा जेवणाच्या वेळेकडे लक्ष द्या. कोण कोणाबरोबर बसतो, महागडे तिकीट काढून आलेला कुठे उभा असतो, घरून डबा आणणारे तो उघडायला कोणता कोपरा शोधतात, बाजारातून तयार विग घेतलेला आणि स्वतः शिवलेला हे एकमेकांच्या पोशाखाकडे कसे पाहतात, हे सगळे नोंदवण्याजोगे आहे. ‘आम्ही सगळे एकच’ हे वाक्य तुम्हाला तिथे पुष्कळदा ऐकू येईल. ते खोटे असते असे मी म्हणत नाही. ते कोण म्हणते आणि कोण म्हणत नाही, हे पाहा.

तटस्थतेच्या प्रश्नावर फार झुरू नका. अमेरिकेतील हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ मध्ये दूरचित्रवाणी मालिकांच्या चाहत्यांवर ग्रंथ लिहिला तेव्हा आपण स्वतः चाहते आहोत हे त्यांनी उघडपणे सांगितले होते आणि त्या विषयाच्या अभ्यासाला पुढे जी दिशा मिळाली तिच्यात या प्रामाणिकपणाचा वाटा मोठा आहे. आतला माणूस असण्याचा धोका पक्षपातापेक्षा वेगळा आहे. आतल्या माणसाला बऱ्याच गोष्टी इतक्या सवयीच्या झालेल्या असतात की त्या लिहून ठेवाव्यात असे त्याला सुचतच नाही. यावर एक उपाय मी विद्यार्थ्यांना सांगत असे. तुमच्या आईला किंवा आजीला रोज रात्री दहा मिनिटे सांगा, की आज या मुलांनी काय केले. त्या जिथे ‘पण असे का?’ म्हणून अडवतील, तिथे तुमच्या टिपणात पोकळी आहे असे समजावे.

टिपणांविषयी थोडे कडकपणे सांगतो. जागेवर फक्त खुणेचे शब्द लिहावेत आणि त्याच रात्री, कोणाशीही त्या दिवसाविषयी गप्पा मारण्यापूर्वी, सविस्तर टिपण लिहून काढावे, कारण एकदा तोंडाने सांगून झाले की प्रसंगाला गोष्टीचा आकार येतो आणि मग तोच आकार खरा वाटू लागतो. पाहिलेले, ऐकलेले आणि मला वाटलेले या तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. ऐकलेले शक्यतो बोलणाऱ्याच्याच भाषेत आणि त्याच्याच शब्दांत असावे. आणि प्रती ठेवा! समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या एका गावात क्षेत्रकार्य केले आणि १९७० मध्ये अमेरिकेत त्यांच्या कार्यालयाला लागलेल्या आगीत त्यांच्या संस्कारित टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. पुढे त्यांनी प्रामुख्याने स्मृतीच्या बळावर त्या गावावर ग्रंथ लिहिला. वर्गात हा किस्सा प्राध्यापक स्मरणशक्तीचे कौतुक म्हणून सांगतात. मी तो तिन्ही प्रती एकाच ठिकाणी ठेवू नयेत म्हणून सांगत आलो.

व्हाइटफील्डचा_बेळगावकर यांचे उत्तर

मी मूळचा टिळकवाडीचा, नोकरीमुळे बेंगळुरूला असतो आणि गेली चार वर्षे कॉस्प्ले करतो. वरचे उत्तर वाचून बरे वाटले, कारण आमच्यावर लिहिणारे बहुतेक जण मंचासमोर उभे राहून छायाचित्रे काढतात आणि निघून जातात. मी अभ्यासक नाही, त्यामुळे फक्त तिथल्या व्यवहाराचे लिहितो.

मुलाखतीसाठी स्पर्धेच्या रांगेत कोणालाही गाठू नका. त्या वेळी माणूस घाबरलेला असतो, घामाघूम असतो आणि त्याला अंगावरचा फोम सुटेल याची धास्ती असते. दुपारी तीन-साडेतीननंतर भिंतीकडेला पाय पसरून बसलेली मुले दिसतील. ती बोलायला उत्सुक असतात. ज्याच्या पोशाखाचा खांदा निखळला आहे आणि जो ग्लू गनसाठी प्लग शोधतो आहे, त्याच्याजवळ थांबा. अनोळखी माणसे तिथे एकमेकांना सुईदोरा, सेफ्टी पिना आणि डिंक देतात आणि माझ्या बहुतेक ओळखी अशाच झाल्या आहेत. स्वतःच्या पिशवीत सेफ्टी पिनांचे पाकीट ठेवा. संशोधनाच्या ओळखपत्रापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल. प्रवेशद्वारावर हत्यारे तपासली जातात तिथेही थोडा वेळ उभ्या राहा. तीन महिने खपून केलेली तलवार सुरक्षारक्षकाच्या हातात देताना माणसाचा चेहरा कसा होतो ते पाहण्यासारखे असते.

संमतीविषयी एक नियम आमच्यात पक्का आहे. पोशाख घातला म्हणजे कोणालाही हात लावायला किंवा न विचारता छायाचित्र काढायला परवानगी दिली असा अर्थ होत नाही. मुलींना याचा त्रास फार होतो, त्यामुळे तुम्ही विचारून थांबलात तरी लोकांचा विश्वास बसेल. सही घेण्यासारखे कागद गर्दीत कोणी वाचत नाही. एका लहान कार्डावर तुमचे नाव, अभ्यासाचा विषय आणि संपर्क छापून द्या, तोंडी संमती ध्वनिमुद्रित करा आणि नंतर शांतपणे फोनवर मोठी मुलाखत घ्या. शाळकरी मुले पुष्कळ असतात. अठरा वर्षांखालच्या मुलांशी पालक जवळ नसताना मुलाखत घेऊ नका.

नावाच्या बाबतीत मात्र सावध राहा. तुम्हाला वाटेल, की मुखवटा आहे म्हणजे ओळख झाकली गेली. खरे म्हणजे उलट आहे. माझे खरे नाव तिथे कोणाला ठाऊक नसते, पण माझा पोशाख आणि माझे इन्स्टाग्रामवरचे नाव सगळ्यांना ठाऊक असते. प्रबंधात ‘निळ्या चिलखतातला, एका बाजूचे शिंग तुटलेला’ एवढे लिहिलेत तरी मी ओळखला जाईन. कोणाच्या पोस्टमधले वाक्य जसेच्या तसे उद्धृत केलेत, तर ते शोधून काढायला एक मिनिटही लागत नाही. म्हणून नावाबरोबर पात्रही बदला आणि पोस्टमधला मजकूर स्वतःच्या शब्दांत मांडा.

भाषा म्हणाल तर मंचावर इंग्रजी, रांगेत हिंदी आणि कन्नड, आणि पोशाख तुटला की ज्याची त्याची मातृभाषा. तुम्हाला सीमाभागातले असल्यामुळे तिन्ही-चारही येत असतील, तर कोणता माणूस कोणत्या क्षणी भाषा बदलतो ते लिहून ठेवा. बेंगळुरूच्या मुलांना ही नजर नसते. आपल्याकडे किराणा दुकानातसुद्धा आपण हे रोज करतो.

जाता जाता, मॅजेस्टिकहून मेट्रोची जांभळी मार्गिका थेट व्हाइटफील्डच्या बाजूला येते. पोशाखाला पंख असतील तर पहिल्या गाडीने या.

शहापूर_शिलाई यांचे उत्तर

आमचे बेळगावच्या शहापूरमध्ये शिलाईचे दुकान आहे. वडिलांपासून चालत आले आहे. मला एथ्नोग्राफी म्हणजे काय ते नीटसे ठाऊक नाही, पण प्रश्नातल्या पोशाखाविषयी मला लिहावेसे वाटले, कारण त्या पोशाखांपैकी काही आमच्याकडेच शिवले जातात.

वैशाखात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक निघते तेव्हा मंडळांची मुले सजीव देखाव्यांसाठी अंगरखे, शेले, जिरेटोप, मावळ्यांचे पोशाख शिवून घेतात. ही गिऱ्हाइके आम्हाला ओळखीची. गेल्या काही वर्षांत दुसरी मुले येऊ लागली आहेत. ती मोबाइलवर चित्र दाखवतात आणि ‘असेच पाहिजे’ म्हणतात. चित्रातल्या माणसाला शिवण नसते, बटणे नसतात, काखेत घडी पडत नाही. पहिल्या वेळी मी नाही म्हणालो होतो. मग त्यातला एक मुलगा रोज दुपारी येऊन बसू लागला आणि आम्ही दोघांनी मिळून कॉलरीत कॅनव्हास घालून ती उभी केली. मिरवणुकीच्या मुलांना पोशाख लांबून उठून दिसला म्हणजे पुरते. या मुलांना तो जवळून मोबाइलमध्ये दिसायला हवा असतो, म्हणून ती आतल्या अस्तराच्या रंगासाठीसुद्धा भांडतात. कापडात, दोऱ्यात, वेळेत आणि अर्थात शिलाईतही फरक पडतो.

मला सांगायचे ते असे, की काही मुले दोन्हीकडे असतात. वैशाखात मावळा आणि थंडीत जपानी योद्धा. बाई, तुम्ही त्यांना विचारा की दोन्ही वेळी अंगात काय येते. मी विचारले तर ती नुसती हसतात.

चिकोडीचा_वाचक यांचे उत्तर

वरील उत्तर मला फार आवडले, तरीही एक इशारा देतो. चित्ररथ आणि कॉस्प्ले यांची तुलना मोहक आहे आणि त्यामुळेच ती जपून करावी लागेल. मिरवणुकीतल्या मुलाच्या मनात श्रद्धा आहे, त्याच्या मागे गल्ली आणि मंडळ आहे, वर्गणी आहे, आणि सीमाभागात त्या मिरवणुकीला जो भाषिक-सामाजिक अर्थ आहे तो इथे कोणालाही समजावून सांगायला नको. त्याला ‘फॅन’ म्हटलेत तर तो दुखावेल आणि ते विधानही चुकीचे ठरेल. तुलना करायची असेल तर पोशाख करण्याच्या कामाची करावी, भावनेची नव्हे.

दुसरी तुलना मला अधिक जवळची वाटते आणि ती कन्नडमध्ये आहे. आपण मराठीत अभिमानी म्हणतो तेव्हा स्वाभिमान बाळगणारा माणूस असा अर्थ होतो. कन्नडमध्ये अभिमानी म्हणजे चाहता. कन्नड नट डॉ. राजकुमार आपल्या चाहत्यांना ‘अभिमानी देवरुगळु’, म्हणजे चाहते हेच देव, असे संबोधत. चिकोडी-अथणीकडच्या बाजारपेठेत वाढलेल्या कोणाही मराठी माणसाने नटांच्या अभिमानी संघांचे फलक पाहिलेले असतात. दक्षिणेतील चाहत्यांवरचे महत्त्वाचे संशोधनही याच प्रकारच्या संघांवर झाले आहे. सारा डिकी यांनी मदुरईत ते केले, तर एस. व्ही. श्रीनिवास यांनी तेलुगू चित्रपटांच्या संदर्भात. तिथे चाहता हा संघाचा सभासद असतो, तो कटआउटला हार घालतो, रक्तदान शिबिर भरवतो, आणि त्याच्या नायकाचे राजकारणही त्याला आपले वाटते. कॉमिक कॉनचा चाहता तिकीट काढून आत येतो, त्याचा नायक परदेशातला आणि बहुधा कागदावरचा असतो, आणि त्याला कोणत्याही गल्लीत संघ काढावा लागत नाही. मग त्याची निष्ठा कशी दिसते? तुमच्या चार मुलांपैकी कोणी एखाद्या कन्नड नटाचाही अभिमानी असेल तर त्याच्यापासून सुरुवात करा.

खानापूरची_विद्यार्थिनी यांचे प्रत्युत्तर

सर्वांचे मनापासून आभार. मी काल ही उत्तरे छापून मार्गदर्शकांना दाखवली. त्यांनी पहिले उत्तर दोनदा वाचले आणि विषय मान्य केला, मात्र शीर्षकातून ‘कॉमिक कॉनमधील’ हा शब्द काढून ‘बेळगावातील कॉस्प्ले करणारे तरुण’ असे करायला सांगितले. सुरुवातीला मला ते हिरमुसले करणारे वाटले, पण दिवसभर विचार केल्यावर त्यांचेच बरोबर वाटते, कारण आता व्हाइटफील्ड हा एकच अध्याय राहील आणि बाकीचे चार बेळगावात घडतील.

आईला रोज रात्री सांगण्याचा प्रयोगही सुरू केला. पहिल्याच दिवशी तिने विचारले, ‘एवढा खर्च करून मग तो पोशाख कपाटात ठेवून देतात, तर घरच्यांना काय सांगतात?’ मी दहा वर्षे या जगात आहे आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मावसभावाला विचारले, तेव्हा कळले की त्याने घरी ते कॉलेजच्या नाटकाचे कपडे आहेत असे सांगितले आहे. आता माझ्यापुढे नवीनच पेच आहे. हे मावशीपासून लपवलेले मी प्रबंधात लिहू शकते का? प्रबंध कन्नड किंवा इंग्रजीत असता तर मावशीने वाचला नसता, पण मी तो मराठीत लिहिते आहे आणि ती नक्की वाचणार.

जुनी_टिपणवही यांचे उत्तर

नाव आणि पात्र बदलून हा पेच सुटणार नाही, कारण मावशीला चार मुलांतला आपला मुलगा कोणता ते कळणारच. ही गोष्ट मावसभावाने तुम्हाला भाऊ म्हणून सांगितली आहे, माहितगार म्हणून नव्हे. त्याला तुमचे टिपण वाचायला द्या आणि हे राहू द्यावे की काढावे हे त्यालाच ठरवू द्या. तो ‘काढ’ म्हणाला तर काढा. घरी खोटे सांगणारा तो एकटाच नसणार. दुसऱ्या कोणाकडून तीच गोष्ट रीतसर संमतीने मिळेल आणि तेव्हा ती मोकळेपणाने लिहिता येईल.

शहापूर_शिलाई यांचे उत्तर

नाटकाचे कपडे म्हणून आमच्याकडे शिवून नेणारी निदान तिघे जण आहेत. नावे मी सांगणार नाही. येत्या शनिवारी दुपारी दोघांची मापे घ्यायची आहेत. त्यांना विचारले, ताई आल्या तर चालेल म्हणाले. या. वही आणा, पण कापड बेतताना बोलू नका, कात्री चुकते.